मधोमध तिरका

संचालक मंडळाने सांधा बहुमताने निवडला तेव्हा सहादेव निमसे खिडकीबाहेर बघत होता. बाहेर तो गर्डर लाकडी स्लीपरांवर दोन तुकडे होऊन पडला होता, आणि आपल्यावरून आत एवढी चुरस चालली आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती.

गर्डर खरं तर एकसंध यायचा. पण एकाहत्तरची दिवाळी तोंडावर आलेली, सरहद्दीवर लढाईचं वारं, आणि लांब माल वाहणाऱ्या रेल्वेच्या वाघिणी सगळ्या लष्कराच्या दिमतीला. बेलापूर स्टेशनात माल उतरला तो दोन तुकड्यांत. एक लांब, एक आखूड. थोरल्याने कारकुनाला हाताशी धरून वाटणी करून घ्यावी तसा. पुणतांब्याच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या नव्या सहकारी साखर कारखान्याला यंदाचाच हंगाम धरायचा होता. बॉयलर पेटवायला मंत्र्यांची तारीख मिळाली होती. गर्डरची वाट बघायला वेळ नव्हता. आहेत ते तुकडे जोडायचे, चरकघरातल्या दोन खांबांवर आडवे टाकायचे, त्याला चेनपुली लटकवायची, आणि त्या पुलीने चरकाचे रोलर उचलून जागेवर बसवायचे. एकेका रोलरचं वजन भरल्या पाच-सहा बैलगाड्यांइतकं. पुढेही रोलर काढायचा-घालायचा तो याच गर्डरवरून, आणि त्याच्याखालून माणसं कायम जा-ये करणार.

सहादेव कारखान्याचा उभारणी इंजिनिअर. पुण्याची डिग्री, वय चव्वेचाळीस. याआधी दोन कारखान्यांत त्याने आपलं मत स्पष्ट बोलून दाखवलं होतं, म्हणून तो तिसऱ्यात होता. त्याला ठेवून घेईल असा चौथा कारखाना जिल्ह्यात अजून कुणी काढला नव्हता.

गर्डर कसा जोडायचा हे ठरवायचं काम त्याचं. पण त्याने एक चूक केली. चेअरमन आप्पासाहेबांनी सहज विचारलं, "काय निमसे, कसं जोडताय?" तर त्याने तीन प्रकार सांगितले. एक सांगून गप्प बसला असता तर निभावलं असतं. सहकारात तीन प्रकार म्हणजे तीन पक्ष.

"सरळ कापून, कडा तासून, आरपार वेल्डिंग करायचं," सहादेवने बैठकीत फरशीवर खडूने काढून दाखवलं. "किंवा तिरकं कापून. किंवा सांध्यावर वरखाली प्लेट मारून."

"प्लेट मारा," एक संचालक तात्काळ म्हणाले. त्यांच्या मेहुण्याचं श्रीगोंद्याला लोखंडाचं दुकान होतं.

"ठिगळ मारायचं?" कारभारी तात्या कडाडले. "नव्या कारखान्याला? मंत्री काय म्हनंल, हे लोक चड्डीला ठिगळ लावत्यात तसं गर्डरला लावत्यात?"

कारभारी तात्या म्हणजे संचालक मंडळातला सगळ्यात मोठा आवाज. ऊस भरपूर, पटका पांढरा, आणि घरं बांधण्याचा अनुभव दांडगा. स्वतःची तीन बांधली होती आणि दुसऱ्यांची अनेक बांधू दिली नव्हती.

"हे बघा निमसे," ते म्हणाले, "सुतार आढं सांधतो तवा तिरकंच कापतो. सरळ कापनारा सुतार गावात ऱ्हात न्हाई. पोटाला मिळत न्हाई त्याला."

"तात्या, लाकूड लाकडात मुरत नाही, म्हणून तिरकं कापून खुंट्या मारतात. लोखंड वितळून एकजीव होतं. सरळ सांधा नीट केला तर मूळ गर्डरइतकाच—"

"मग तिरकं वितळंना व्हय? लांब सांधा, लांब वितळंल. जास्ती एकजीव."

याला उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि सहादेवच्या हे लक्षात आलं की तिरक्याने तसं काही आभाळ कोसळणार नाही. जुळवायला कटकट, बाकी ठीक. तो म्हणाला, "बरं, तिरका. पण सांधा येईल तो एका कडेला. आखूड तुकड्यापाशी, खांबाजवळ. तिथे जोर कमी येतो."

"कडेला?" तात्यांनी डोळे बारीक केले. "कडेला म्हंजी ऊस वर नेनाऱ्या केरियरच्या टपामागं. कुनाला दिसनार न्हाई असा."

"दिसायचं काय कारण?"

"का न्हाई? लपवायचं काय कारण? सभासदांचा कारखाना हाय. सांधा मधोमध पायजे, समद्यांच्या डोळ्याम्होरं. चोर कडेकडेनं जातो, निमसे. सावकार मधून चालतो."

बैठकीत हशा आणि मग मान्यतेची कुजबुज झाली. सहादेवने सांगून पाहिलं, की गर्डर मधेच सर्वांत जास्त वाकतो, बैलगाडीच्या जुवाचं जसं. ताण मधे खालच्या अंगाला येतो. म्हणून जोड मधे द्यायची नसते. त्यासाठी लांब तुकडाही मुद्दाम कापावा लागेल. जुवाचं उदाहरण देऊन तो फसला. तात्यांनी लगेच विचारलं, "जू मधी मोडतं का कडंला?" आणि चौघांनी आपापल्या गोठ्यातली मोडलेली जुवं सांगायला सुरुवात केली. त्यातली बरीचशी कडेला मोडली होती.

शेवटी हात वर झाले. मधोमध, तिरका. प्लेटवाले हरले, सरळवाला एकटा सहादेव, आणि त्याला मत नव्हतं.

बाहेर पडताना आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पासाहेब कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरज पडत नसे.

"निमसे, ठराव झाला. आता करा."

"आप्पासाहेब, मधे सांधा म्हणजे—"

"तुमाला जमत नसंल तर सांगा. नगरला जाहिरात देऊ."

सहादेव म्हणाला, "जमेल." एवढंच म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत त्याने सगळं ठरवून टाकलं. ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. ठरावात सांधा दिसला पाहिजे असं होतं. बरं. दिसेल.

वेल्डर यशया नगरच्या मिशनच्या कारखान्यात शिकलेला. रविवारी ख्रिस्ती देवळात पेटी वाजवायचा आणि आपल्याइतका हात गोदावरीच्या अलीकडे कुणाचा नाही असं देवळाबाहेर सांगायचा. सहादेवने त्याला बेत सांगितला. तो हातातली काच खाली ठेवून हसायला लागला.

"म्हंजी खरा सांधा सरळ, कडंला. अन् मधी नुसती रेघ?"

"नुसती रेघ. तिरकी. खालच्या पट्ट्यावर आणि उभ्या अंगावर. लोखंड कापायचं नाही, वरून फक्त वेल्डिंगची सर ओढायची. संचालकांना दाखवायला."

"सायेब, संचालकांना रेघ दाखवायची तर मी अशी दाखवीन की मंत्री हात लावून बघंल."

खरा सांधा त्यांनी मन लावून केला. कडा तासल्या, तुकडे दोरीत धरले, वेल्डिंगचे रॉड शेगडीवर कडक तापवून घेतले, कारण परतीचा पाऊस येऊन-जाऊन होता आणि ओल्या रॉडचं वेल्डिंग आतून ठिसूळ होतं. यशयाने थरावर थर भरला. प्रत्येक थराची खपली काढली, सहादेवने भिंग लावून पाहिलं, मग पुढचा थर. शेवटी घासून इतका सपाट केला, की बोट फिरवलं तरी कळू नये. वर तांबडा रंग मारला. सांधा आहे कुठे, हे आता जगात दोघांनाच माहीत होतं.

मग मधली रेघ. शेगडी विझली होती.

"पुन्हा पेटवू का?" यशयाने विचारलं.

"खोट्याला कशाला?" सहादेव म्हणाला. "ते उघडं खोकं पडलंय त्यातले वापर."

उघडं खोकं रात्रभर पत्र्याखाली होतं आणि पत्र्याला भोक होतं. पण रेघ तर रेघ. तिच्यावर काही पेलायचं नव्हतं. यशयाने ती ओढली आणि खरोखरच अशी ओढली, की वेणी घातल्यासारखे एकसारखे पेड पडले. सहादेवनेही बाजूला होऊन पाहिली. आपल्या खोटेपणातही एक दर्जा आहे असं त्याला वाटलं.

संचालकांची पाहणी झाली. तात्यांनी रेघेवरून तळवा फिरवला आणि पाठीमागे वळून, प्लेटवाल्या संचालकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हनत्यात सांधा."

गर्डर खांबांवर चढला. सगळं सुरळीत झालं असतं, पण चरकघरात काम करणाऱ्या बायांनी तिथून जायला नकार दिला. त्यांची मुकादम राहीबाई. कमरेला पदर खोचून आप्पासाहेबांपुढे उभी राहिली.

"सांध्याखालनं आमी पाट्या घिऊन जायच्या न्हाईत. घरातबी आढ्याच्या सांध्याखाली कुनी निजत न्हाई, हितं तर लोखंड हाय."

"अगं, पक्का हाय तो," आप्पासाहेब म्हणाले.

"मंग तुमी बसा खाली. आमी बगतो."

सहादेवला वाटलं, हिला सांगावं, बाई, तो सांधाच नाही. खरा सांधा कडेला आहे, तिथून तू रोज जातेस. पण असं सांगणं म्हणजे राजीनामाच तोंडी देण्यासारखं होतं.

राहीबाईचं बोलणं कारभारी तात्यांना झोंबलं. नकार सांध्याला नव्हता, तात्यांना होता. त्यांनी चरकघराच्या मध्यावर उभं राहून जाहीर केलं : घराचं आढं चढतं तेव्हा घरधनी जोडीनं त्याच्याखाली पाटावर बसतो. आढ्याला कळतं आपण कुणाचं. आपल्या गावची रीत आहे. पहिला रोलर उचलाल तेव्हा आपण बसू. मी आणि घरचं माणूस.

आप्पासाहेबांना ही कल्पना फार आवडली. पाटावर ते नव्हते, हे तिचं मुख्य सौंदर्य.

रोलर उचलायच्या दिवशी सकाळी चरकघर माणसांनी भरलं. मध्यावर शेणानं सारवून, रांगोळी घालून दोन पाट मांडले. पलीकडे हातभर अंतरावर रोलर, दोर बांधून, आडवा पडलेला. तात्या नवा पटका बांधून बसले; शेजारी चांगुणाबाई, नाकात नथ, चेहऱ्यावर लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यासारखा भाव.

"लई वेळ लागंल का हो?" त्यांनी सहादेवला विचारलं. "चुलीवर डाळ ठिवून आली मी."

"नाही, ताई. लगेच."

चार गडी साखळी ओढू लागले. पुलीचे दात कटकट वाजत होते. रोलर हलला, रांगोळीची एक बाजू पुसली गेली, आणि मग त्याच्याखाली उजेड दिसला. लोकांनी श्वास सोडला. टाळ्या पडल्या. रोलर गुडघाभर वर गेला, कमरेपर्यंत आला.

"थांबा," सहादेव म्हणाला. "तसाच राहू दे. मी वरून चाकं बघतो."

तो शिडीने वर चढला. पुलीची चाकं गर्डरच्या खालच्या पट्ट्यावर नीट बसली होती. उतरताना नजर सहज त्या रेघेकडे गेली. रेघेच्या शेवटाला, जिथे पेड संपत होते, तिथे तांबड्या रंगात एक केस चिकटला होता. ब्रशाचा. रंगाऱ्याला किती वेळा सांगितलं होतं, ब्रश झटकून घे.

त्याने अंगठ्याने केस पुसला. केस निघाला नाही.

त्याने नखाने खरवडलं. नख अडकलं.

खाली कुणीतरी तात्यांना गुळाचा खडा देत होतं. सहादेव शिडीवर तसाच उभा राहिला. त्याच्या डोक्यात एकदम सगळं एका ओळीत उभं राहिलं : ओले रॉड, जाड, थंड पट्टा, ताण सगळ्यात जास्त जिथे, तिथे, आणि खालच्याच अंगाला. रेघेवर काही पेलायचं नव्हतं हे खरं. पण रेघ ज्याच्यावर ओढली होती, त्याच्यावर सगळं पेलायचं होतं. धडधाकट माणसाच्या छातीवर गोंदवावं आणि सुई विषारी निघावी, तसं झालं होतं.

त्याने पुन्हा पाहिलं. मघाशी केस रेघेपाशी संपत होता. आता तो रेघेच्या पुढे बोटाच्या पेराएवढा गेला होता.

तो खाली आला. सावकाश आला, कारण पळालं तर लोक पळतील, आणि लोक पळाले तर साखळी धरणारे गडीही पळतील.

"तात्या," तो हळू आवाजात म्हणाला, "उठा. झालं आता. ताईंना घेऊन बाहेर चला."

"झालं? आजून रोलर जागेवर न्हाई गेला."

"तो नंतर नेऊ. आधी उठा."

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग गर्दीत प्लेटवाल्या संचालकांकडे पाहिलं. ते संचालक नेमके त्याच वेळी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगून हसत होते.

"अस्सं," तात्या म्हणाले. "म्हंजी समद्यांच्या म्होरं मला उठवायचं. म्हंजी तिरका घाबरला. कुनी शिकवलं तुमाला, निमसे?"

"कुणी नाही. तात्या, गर्डरला तडा जातोय."

"माझ्या सांध्याला?"

"हो."

"जाऊ दे की मग! जानार न्हाई म्हनून तर बसलोय." त्यांनी मांडी अधिक घट्ट केली. "आढं चढल्याबिगर घरधनी उठत न्हाई. उठला तर घर फिरतं."

वर कुठेतरी बारीक आवाज झाला. मुंगी चावल्यावर लोखंड ओरडलं असतं तर असा. यशयाने मान वर केली. त्याला तो आवाज माहीत होता. सहादेवने त्याचा चेहरा पाहिला आणि आणखी काही बघायची गरज उरली नाही.

"तात्या, ऐका," सहादेव म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज आपोआप मोठा झाला. "तो तुमचा सांधा नाही. मधे सांधाच नाही. तुमचा ठराव मी पाळला नाही. खरा सांधा सरळ आहे, तिकडे कडेला, टपामागे. मधे मी नुसती रेघ ओढून घेतली, तुम्हाला दाखवायला. आणि त्या रेघेनेच गर्डर फुटतोय. तुमचं काही चुकलेलं नाही. मी फसवलंय. आता उठा."

 आप्पासाहेबांचा हात मिशीकडे निघाला होता तो वाटेतच थांबला.

तात्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पण उठायचं काही लक्षण नाही.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. "मी हात लावून बगितलाय. लोखंडाची येनी हुती ती. आता मला उठवायला रेघ म्हनतो. त्यो सांधा हाय! हाय का न्हाई रे यशया?"

यशया पुढे आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाची तारीफ नको होती. "रेघ हाय, तात्या. म्याच ओढली. ओल्या रॉडानं."

"तुमी समदे मिळून—"

चांगुणाबाई उठल्या. उठता उठता त्यांनी नवऱ्याच्या पटक्याचं सुटलेलं टोक हाताला गुंडाळलं.

"सांधा आसंल न्हाईतर रेघ आसंल," त्या म्हणाल्या. "पडलं तर मला इचारून पडनार न्हाई. उठता का वडू?"

आणि उत्तराची वाट न बघता ओढलं. तात्यांना पटका आणि पाट यांतलं एक निवडावं लागलं. भरल्या चरकघरात बोडक्या डोक्याने बसण्यापेक्षा ते उठले. धडपडत चार-पाच पावलं गेले असतील नसतील, तोच वरून आवाज आला. या वेळी मुंगीचा नव्हे. घंटेवर एकच टोला पडावा तसा. गर्डर मधोमध बोटभर खाली आला आणि थांबला.

गर्दी दारांतून बाहेर सांडली. साखळी धरणारे चौघेही गेले. पुलीची खीळ दात्यांत अडकलेली होती म्हणून रोलर तसाच कमरेइतक्या उंचीवर लोंबत राहिला, किंचित गोल फिरत. खालचा पट्टा फुटला होता. तडा उभ्या अंगात वर चढून मधेच कुठेतरी थबकला होता. का थबकला हे सहादेवला कळत नव्हतं, आणि किती वेळ थबकेल हे तर नाहीच.

रोलर तसा ठेवता येत नव्हता. पडला तर चरकाचा पाया फोडणार, आणि खांब सोबत आले तर छपरासकट सगळं. उतरवायला मात्र कुणीतरी गर्डरखाली जाऊन साखळी ओढायला हवी होती. आणि प्रत्येक ओढीला गर्डरला एक हिसका.

"स्लीपर," सहादेव म्हणाला. "रोलरखाली स्लीपरची चळत रचू. मग थोडंच उतरवावं लागेल."

दारात उभ्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरं, बांबूनं ढकला की बाजूनं!" राहीबाई दारातून ओरडली. "खाली जायाला कुनी सांगितलंय? का पाटावर बसायला बोलवू तुमाला?"

मग बांबू आले. लांबून ढकलत, शिव्या घालत, एकावर एक स्लीपर रोलरखाली सरकवले गेले. चळत रोलरपासून वितीवर आली तेव्हा बांबूचं काम संपलं. उरलेली वीत साखळीची होती.

सहादेव आत गेला. रांगोळी ओलांडताना त्याच्या ध्यानात आलं की आपण ती न तुडवायची काळजी घेत आहोत. त्याने साखळी धरली. शेजारी दुसरा हात आला.

"तू जा बाहेर," तो यशयाला म्हणाला.

"येनी माझ्या हातची हाय," यशया म्हणाला. "वडा."

त्यांनी ओढली. कट. वर काही नाही. पुन्हा ओढली. कट. सहादेवने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तो वरच बघत होता. तड्याच्या टोकाशी रंगाची भुकटी झडत होती. तांबडी, हळदीकुंकवातल्या कुंकवासारखी, त्याच्या कपाळावर पडत होती. यशया तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना असेल असं सहादेवला वाटलं. नीट ऐकलं तर तो साखळीला शिव्या देत होता. कट. कट. मग साखळी हातात एकदम हलकी झाली. रोलर चळतीवर टेकला होता. स्लीपर करकरले, दबले, आणि त्यांनी वजन घेतलं.

दोघे बाहेर आले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सहादेवने कपाळावरची तांबडी भुकटी बाहीने पुसली. आत असताना हात मोकळे नव्हते.

संचालक मंडळाची तातडीची बैठक चिंचेखालीच भरली. खुर्च्या कुणी आणल्या नाहीत.

"आता असं करा," आप्पासाहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. "तड्यावर वरखाली प्लेट मारा. मंत्री येऊन जाऊ द्यात. मग बघू."

प्लेटवाल्या संचालकांनी मान डोलावली.

"नाही," सहादेव म्हणाला.

"ठराव करू का?"

"करा. प्लेट मी मारणार नाही आणि कुणाला मारू देणार नाही. फुटलेला भाग कापून काढायचा, नवा तुकडा आणायचा, खांबाजवळ सरळ सांधे द्यायचे. तोवर त्या गर्डरखाली कुणी जाणार नाही. मंत्रीही नाही."

हे वाक्य ठरावाच्या दिवशीच म्हणायचं होतं. तेव्हाही ते एवढंच लांब होतं.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. सहादेवने मनातल्या मनात घर गाठलं, बायकोला सांगितलं, नगरची एस.टी. पकडली. पण त्याला कुणी काढलं नाही. काढायचं तर ठराव हवा, ठरावात कारण हवं, आणि कारण लिहायचं तर अख्ख्या संचालक मंडळाने एका रेघेवरून हात फिरवून तिला सांधा म्हटलं होतं, हे लिहावं लागलं असतं. मंत्री ठरल्या दिवशी आले, बॉयलर पेटवला, चिमणीतून धूर निघाला, भाषणं झाली. धुराला चरक लागत नाही. गाळप कधी सुरू होणार असं कुणी विचारलं नाही. विचारणारे सगळे व्यासपीठावर होते.

नवा तुकडा मनमाडहून आला, तेव्हा कारभारी तात्या एकटेच चरकघराशी आले. दारातच थांबले.

"निमसे, येक सांगा. त्या दिशी बैठकीत तुमी म्हनला असता, की ह्यो सांधा मी करनार न्हाई, तर काय झालं असतं?"

"तुम्ही मला काढलं असतं."

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "काढलंच असतं. पयला हात माझा असता." मग म्हणाले, "पन चांगुणा त्या पाटावर बसली नसती."

  तात्या उत्तरासाठी थांबले नाहीत.

गर्डर पुन्हा खाली स्लीपरांवर होता. यशया शेगडीवर रॉड तापवत बसला होता, एकेक उलटून, भाकरी भाजावी तसा. सहादेवने खडू घेतला आणि कापायची रेघ मारली. या वेळी ती कुठे मारायची, कशी मारायची, हे कुणी विचारलं नाही. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याने रेघ पुसली, पट्टीने पुन्हा मोजलं, पुन्हा मारली.

"मघाचीच जागा हाय की, सायेब," यशया म्हणाला.

"हो," सहादेव म्हणाला, आणि पुन्हा मोजायला वाकला.